कारण कोणी द्यायचे?

बीड जिल्ह्यात वर्तमानपत्र वाचणाऱ्याला एक बातमी पाठ असते: जिल्ह्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मनाई आदेश लागू. सण, निवडणूक, मोर्चा, उपोषण, निमित्त काहीही चालते. भाषाही ठरलेली. सोटे, भाले, तलवारी, काठ्या बाळगू नयेत. दाहक पदार्थ जवळ ठेवू नयेत. दगड जमवू नयेत. प्रेतांचे किंवा प्रतिमांचे प्रदर्शन करू नये. घोषणा देऊ नयेत, गाणी म्हणू नयेत, वाद्ये वाजवू नयेत. यातला बहुतेक मजकूर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 मधून उतरवलेला असतो. खाली अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्यांची सही. वाचणारा पान उलटतो.

पण घटनेच्या दृष्टीने या कागदाचा जीव त्या लांबलचक यादीत नसतो. तो यादीच्या वरच्या चार ओळींत असतो. आदेश का काढला, हे तिथे लिहिलेले असते, किंवा लिहिलेले असायला हवे.

शासनाची सत्ता मर्यादित आहे, असे आपण नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचतो. व्यवहारात त्याचा अर्थ एका प्रश्नावर येऊन ठरतो: कारण कोणी द्यायचे, जमणाऱ्याने की अडवणाऱ्याने? बीड तेव्हा ज्यात होते त्या निजामाच्या राज्यात याचे उत्तर सरळ होते. 1929 च्या ‘गश्ती निशाण 53’ नुसार सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली आणि अंबाजोगाईत शिक्षणाचे काम करणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या बंदीविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. सभा ही सरकारची मेहेरबानी होती. अर्ज करणाऱ्याने पटवून द्यायचे, सरकारने काहीच सांगायचे नाही.

26 जानेवारी 1950 ला हे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. अनुच्छेद 19(1)(ख) ने शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क नागरिकाला दिला. त्याला आवर घालायचा तर 19(3) च्या चौकटीत: निर्बंध कायद्याने घातलेला हवा, वाजवी हवा, आणि देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांच्यासाठीच हवा. तिसरी अट सर्वांत कडक आणि सर्वांत दुर्लक्षित. राम मनोहर लोहिया खटल्यात (1965) न्या. हिदायतुल्ला यांनी ती समजावताना एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली होती. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, अगदी मध्ये राज्याच्या सुरक्षिततेचे. चौकात दोघांची मारामारी झाली तर बाहेरच्या वर्तुळाला धक्का लागतो; आतल्याला लागतोच असे नाही. आपल्याकडचे आदेश मात्र ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता’ एवढ्यावर भागवतात.

माजलगावचे प्रकरण इथे बारकाईने पाहण्याजोगे आहे. जानेवारी 2020. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध देशभर आंदोलने सुरू होती. माजलगावच्या काही रहिवाशांना जुन्या ईदगाह मैदानावर शांततेने बसायचे होते. पोलिसांनी परवानगी नाकारली. आधार दाखवला तो 21 जानेवारीला बीडच्या अप्पर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी कलम 37 खाली काढलेल्या आदेशाचा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. 13 फेब्रुवारीला न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी तो आदेशही रद्द केला आणि पोलिसांचा नकारही.

निकालातला तर्क महत्त्वाचा. आदेश वरकरणी सर्वांना लागू होता, त्यात कोणाचे नाव नव्हते. न्यायालयाने भोवतालची परिस्थिती पाहिली आणि म्हटले, याचा रोख नागरिकत्व सुधारणा कायद्याला विरोध करणाऱ्यांवरच आहे. अधिकार आहे, पण तो ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला का, हे तपासणे म्हणजेच अनुच्छेद 14 मधली मनमानीविरुद्धची हमी. मूळ कायदा चांगला की वाईट, या वादात न्यायालय शिरले नाही, आणि ते योग्यच झाले. एका कायद्याला विरोध केला म्हणून माणसे देशद्रोही ठरत नाहीत, एवढे त्याने ठणकावले. अहिंसक आंदोलनांतूनच हा देश स्वतंत्र झाला, याची आठवण दिली; आणि नोकरशाहीला मानवी हक्कांचे शिक्षण द्यायला हवे, असेही सुनावले. शेवटचे बोलणे सरकारी कार्यालयांत फार आवडले नसावे.

म्हणून निर्बंध घालताच येत नाहीत, असे नाही. नागपूरच्या बाबूलाल पराते खटल्यात (1961) सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले जमावबंदीचे कलम 144 वैध ठरवले. हिम्मतलाल शहा खटल्यात घटनापीठाने सांगितले की रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, पण परवानगी देणे-न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये दिल्लीच्या शाहीनबागेतल्या याच कायद्याविरुद्धच्या धरण्याबाबत त्याच न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवणे अमान्य केले. जागा, वेळ, ध्वनिक्षेपक यांवर अटी घाला. माणसांनी जमूच नये, असे म्हणायचे तर मात्र नेमका धोका दाखवा.

माझ्या मते खरी कमजोरी न्यायालयाच्या तर्कात नाही, कॅलेंडरमध्ये आहे. कलम 37(3) खालची जमावबंदी राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपुढे टिकत नाही. ही मर्यादा नागरिकाच्या बाजूची म्हणून घातलेली. पण आदेश 21 जानेवारीचा, निकाल 13 फेब्रुवारीचा: मध्ये 23 दिवस. खटला त्या मानाने झटपट निघाला, तरीही पंधरवड्याहून जास्त गेला. शिवाय एक आदेश संपता संपता दुसरा काढला, की पंधरा दिवसांची अट कागदावर पाळली जाते आणि जमावबंदी वर्षभर चालते. प्रत्येक नव्या आदेशाला नवे, ताजे कारण लागते, हे पाहणारे कोणी नसेल तर हक्क घटनेत राहतो आणि मैदान रिकामे राहते.

तेव्हा पुढच्या वेळी ही बातमी दिसली, की आदेशाची प्रत मागून घ्या. काठ्या-दगडांची यादी सोडून द्या. तारीख पाहा, मुदत पाहा, आणि वरच्या चार ओळी मागच्या पंधरवड्याच्या आदेशाशी ताडून पाहा.