फाटलेला आवाज आणि लागलेली जवारी

ध्वनिवर्धकाच्या संदर्भात मराठीत एक अत्यंत अन्वर्थक क्रियापद रूढ आहे: आवाज ‘फाटतो’. आमच्या बिद्रीत गळीत हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांवर गाणी वाजू लागली की हे क्रियापद हटकून ऐकू येते. पारिभाषिक मराठीने याच घटनेला ‘विरूपण’ म्हटले. दोन्ही शब्दांत निंदा गृहीत आहे. आणि तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विद्युत् गिटारचा सर्वांत प्रभावी नाद याच फाटण्यातून जन्मला. तो समजून घ्यायचा तर, आमच्या मते, मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांचा ‘जवारी’ हा शब्द हाताशी घेतला पाहिजे.

प्रथम फाटण्याचा इतिहास. 1951 साली मेम्फिस येथे ‘रॉकेट 88’ हे गीत ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा विली किझार्ट या वादकाचा ॲम्प्लिफायर प्रवासात दुखावलेला होता. त्यात कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगतात. 1964 मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने तर आपल्या स्पीकरचा पडदा स्वतःच पात्याने चिरला. अपघात ते हेतू हे अंतर अवघ्या तेरा वर्षांत कापले गेले. मधल्या काळात, 1962 च्या सुमारास, जिम मार्शल या ड्रमविक्रेत्याच्या लंडनमधील दुकानात अमेरिकन फेंडर कंपनीच्या ‘बासमन’चा आराखडा पुढे ठेवून एक नवा ॲम्प्लिफायर सिद्ध झाला. लिओ फेंडरला स्वच्छ आवाज अभिप्रेत होता; मार्शलच्या गिऱ्हाइकांना तो मलिन झालेलाच अधिक रुचला.

मालिन्याचे कारण काचेच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. त्याला पेलेल त्याहून मोठी ध्वनिलहर दिली की तिचा माथा छाटला जातो. पण व्हॉल्व्ह तो एका घावात छाटत नाही, कडा गोलावत छाटतो. छाटलेल्या लाटेतून मूळ स्वराचे अनेक उपस्वर उमटतात. 1970 च्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने अशा छाटणीचे टप्पे एकामागे एक जोडले, आणि आज ज्याला ‘हाय-गेन’ म्हणतात तो प्रकार रूढ झाला.

आता जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, परंतु त्याला अतिसूक्ष्म उतार असतो. कंप पावणारी तार त्या उताराला घासत, सुटत राहते आणि तीतून उपस्वरांची झालर उठते. सर सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये या नवलाची शास्त्रीय दखल घेतली: तार ज्या बिंदूशी छेडली तेथे ज्या उपस्वरांचा निष्कंप बिंदू पडतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे मुके राहायला हवेत, तंबोऱ्यात ते ठणठणीत ऐकू येतात. म्हणजे येथेही एक ‘दोष’ हेतुपुरस्सर जोपासलेला आहे. तार शुद्ध सुटली तर तंबोरा मुका वाटतो. हा दोष जोपासणारे मिरजेचे शिकलगार मूळचे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीचे दिवस सरल्यावर त्यांनी वाद्ये हाती घेतली, ही बाब आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही.

साम्य ताणू नये. जवारी तारेच्या उगमाशीच काम करते, व्हॉल्व्ह विजेच्या लहरीवर; एक मंद्र, दुसरा कर्णकर्कश. पण एका ठिकाणी दोहोंची गाठ पडते. फाटलेल्या गिटारवर पूर्ण स्वरसंघात गढूळ होतो. समविभागी सप्तकातला गंधार मुळातच किंचित चढा असल्याने तो अधिकच खटकतो. म्हणून रॉक वादक षड्ज-पंचमाची जोडी वाजवतात. त्यांचे प्रमाण 2:3. छाटणीत या दोहोंची वजाबाकी आणि बेरीजही ऐकू येते: वजाबाकीने 1, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज, बेरजेने 5, म्हणजे गंधार. न वाजवता उमटणारा हा गंधार तंबोऱ्यातल्या ‘स्वयंभू गंधारा’चाच दूरचा नातलग होय.

मग ॲम्प्लिफायरची जवारी लावायची कशी? नवशिका गेनचे बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि मिडल शून्यावर नेतो. खोलीत एकटे वाजवताना ते भारदस्त वाटते. ड्रम आणि बासची साथ सुरू झाली की गिटार नाहीशी होते, कारण तिचा आवाज नेमका मधल्या पट्ट्यातच वसतो. गेन वाटते त्याहून कमी, बेस आवरलेला, मिडल राखलेला, आणि शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हना श्रम पडतील इतपत मास्टर व्हॉल्यूम, ही रीत बहुधा साधते. जाणकार जवारी ‘खुली’ किंवा ‘बंद’ ठेवतात तीही गायकाचा गळा पाहूनच.

1991 पूर्वी आयातीच्या निर्बंधांमुळे अशी परदेशी यंत्रे आपल्याकडे दुर्मीळ होती. 1984 मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यातील महेश तिनईकरांच्या पिढीने हा नाद कानाने शिकून, मिळेल त्या साधनांवर जुळवला. वाङ्मयेतिहासात अनुवादाला जे स्थान देतो, ते या खटपटीला द्यायला हरकत नसावी.

आज गिटारवाल्यांच्या हाती व्हॉल्व्हची नक्कल करणारी संगणकीय यंत्रे आहेत, गायकांच्या हाती मोबाइलमधला तंबोरा. दोन्ही सोयीचे आहेत. त्यांना नाके मुरडणे आम्हांला पटत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हेही उत्तमच. परंतु मानांकन वाद्याला मिळते, कानाला नाही. घोडी घासणारा कारागीर कानस दोनदा फिरवतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखालचे सूत केसभर सरकवतो, आणि मुकी तार बोलू लागते.