बीअरची वाफ आणि आपली वीज

दारूचं नाव काढताच नाक मुरडणाऱ्यांनी जरा दम धरा, विषय विजेचा आहे.

१७८५ साली लंडनच्या व्हिटब्रेड बीअर कारखान्यात जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन बसलं आणि माल्ट दळणारे घोडे सुटले. दोन वर्षांनी राजा तिसरा जॉर्ज खास ते बघायला आला. इंजिन १०२ वर्षं चाललं. आज ते सिडनीच्या संग्रहालयात आहे. पण गंमत बघा. काम झालेली वाफ वॉट थंड पाण्याने निववायचा, म्हणजे तिची उष्णता त्या पाण्यात जायची. आणि त्याच आवारात माल्टचा रस उकळायला वेगळा कोळसा जळत होता!

उष्णता आणि काम यांचा हिशेब मांडला तोही बीअरवाल्याच्याच पोराने. सॅलफर्डचा जेम्स ज्यूल, घरचा धंदा सांभाळून १८४० च्या दशकात प्रयोग करायचा. तुमच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, ते हेच.

पुढे उपाय साधाच निघाला. जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइनमधून न्यायची, वीज काढायची, मग त्याच उतरलेल्या वाफेवर रस उकळायचा. नुसती वीज करणारं कोळशाचं जुनं केंद्र इंधनातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेत उतरवतं. जोडीने वापरलं तर तीन चतुर्थांशही कामी येते.

तरी विसाव्या शतकात मोठ्या केंद्रांची वीज स्वस्त झाली आणि अनेक कारखान्यांनी आपली यंत्रं बंद केली. उष्णतेला बॉयलर, विजेला तार, संसार वेगळे. १९७३ च्या तेलसंकटाने जाग आली. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला: अशा कारखान्यांची वीज कंपन्यांनी घेतलीच पाहिजे, आणि ती स्वतः तयार करायला जो खर्च आला असता त्या हिशेबाने पैसे द्यायचे. यंत्र जुनंच होतं, बदलला तो व्यवहार.

आपल्या साखर कारखान्यांत हेच चालतं. चिपाडावर बॉयलर पेटतो, टर्बाइन फिरते, उरलेल्या वाफेवर उसाचा रस आटतो, जादा वीज महावितरण घेते. पण गळीत हंगाम संपला की चिपाड संपत येतं. बीअरला हंगाम नाही, रस बारा महिने उकळतो. छत्रपती संभाजीनगरच्या बीअर कारखान्यांच्या पाण्यावरून आपण दुष्काळात कचाकचा भांडलो, आणि ते बरोबरच होतं. त्यांच्या वाफेचं काय होतं, हे मात्र मी तरी कुणाला विचारताना ऐकलं नाही.