बट्टा आणि वही



न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला तो १८७५ साली. त्याच वर्षी १२ मे रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात आसपासच्या खेड्यांतले कुणबी जमले, त्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली आणि कर्जरोख्यांची होळी केली. एका वर्षातल्या या दोन गोष्टी आम्ही वाचल्या, तेव्हापासून त्या एकमेकींपासून वेगळ्या करणे आम्हाला जमलेले नाही. दौंड त्या भीमथडीतच होते, आणि दंग्याआधीचा असंतोष प्रथम उघड झाला तो शेजारच्या शिरूर तालुक्यात. याच दोन तालुक्यांतल्या कारखान्यांच्या फाटकांवर आमची निम्मी हयात गेली आहे.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे आणि दौंड-पुणे गाडीत. म्हणून मोठ्या सिद्धान्ताची अपेक्षा आमच्याकडून करू नये. एक नाणे देऊन दुसरे घेताना, धान्य देऊन रुपया घेताना, रुपया देऊन डॉलर घेताना आमच्या माणसाच्या हातून मधल्या मध्ये काय गळते, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

पेशवाईच्या अखेरीस या मुलखात रुपया एक नव्हता. पुण्याचा अंकुशी रुपया, त्यावर हत्तीच्या अंकुशाची खूण. चांदवडच्या टाकसाळीचा चांदवडी वेगळा, सुरती वेगळा. चांदी कमीजास्त, वजन कमीजास्त, कुठे भोक पाडलेले, कुठे कड घासलेली. एका जातीचा रुपया देऊन दुसऱ्या जातीचा घ्यायचा तर जी वजावट द्यावी लागे तिला बट्टा म्हणत. नाणे पारखणारा तो पोतदार, आणि बदलून देणारा तो सराफ. बट्टा हा मुळात अन्याय नव्हे हे आधी सांगितले पाहिजे. हिणकस नाणे आणि चोख नाणे यांच्यात फरक असतोच, आणि पारखण्याच्या कसबाला मोल असतेच. अन्याय सुरू होतो तो बट्ट्याचा दर फक्त एकाच बाजूला ठाऊक असतो तेव्हा.

शिरूरला, म्हणजे घोडनदीला, इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी कोरेगावच्या बाजूला निघालेली तुकडी याच छावणीतून निघाली. छावणी म्हटली की पगार आला, पगार आला की बाजार आला, आणि बाजार आला की सराफ आलाच. गंमत अशी, की इंग्रजांच्या कागदोपत्री 'बट्टा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आढळतात. शिपायाला मोहिमेवर पगाराच्या वर मिळणारी रक्कम, जिला आपण भत्ता म्हणतो, तोही बट्टा, आणि नाणे मोडताना कापली जाणारी रक्कम तोही बट्टा. आमच्या अनुभवात आजचा कामगारही पहिला बट्टा मोजून घेतो आणि दुसरा विचारीतच नाही.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने साऱ्या मुलखासाठी एक रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. नाण्यानाण्यांतला बट्टा हळूहळू गेला. पण त्याची जागा दुसऱ्याच बट्ट्याने घेतली. सारा रोकड भरायचा, तोही ठरलेल्या हप्त्याला. शेतकऱ्याच्या घरात रुपया नव्हता, बाजरी होती. सुगीत सगळ्यांचीच बाजरी बाजारात, म्हणून भाव पडलेला. तीच बाजरी चार महिन्यांनी पोटाला हवी तेव्हा चढ्या भावाने, आणि बहुधा उधारीत, परत आणायची. विकण्याचा भाव आणि घेण्याचा भाव यांतले अंतर हाच नवा बट्टा. त्याला नाव नव्हते, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी तक्रारही केली नाही.

पुढे १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे १८६० साली सोलापूरपर्यंत पोचली होती. पैसा खेळू लागला आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळला, आणि नेमके त्यानंतर नव्या पाहणीने साऱ्याचे आकारही वाढविले. आता सावकार हात आखडू लागला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर. रोखा तीनच वर्षे चालेल, असा तो कायदा ऋणकोच्या भल्यासाठी केलेला. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी जुने मुद्दल व व्याज एकत्र करून त्याचा नवा रोखा होऊ लागला आणि व्याजावर व्याज चढले. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचे एक उदाहरण पुढे चौकशी आयोगापुढे आले. शेतकऱ्याला पावती नाही, नकल नाही. वही एकच, ती सावकाराच्या पेढीवर, आणि अंगठा मात्र आपला.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांच्या कर्जापायी घर सोडण्याचा हुकूमनामा आणला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या दुकानात जायचे नाही, त्यांची शेते करायची नाहीत, न्हाव्याने, धोब्याने, पाणक्याने त्यांचे काम करायचे नाही. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा प्रकार ओळखीचा वाटतो. कोणी पत्रक काढले नाही, कोणी अध्यक्ष नेमला नाही, पण तो संपच होता. बहिष्कार आसपास पसरला, आणि पुढच्या मे महिन्यात सुपे पेटले. तेथे व नगर जिल्ह्यात मिळून ९५१ माणसे पकडली गेली. एक गोष्ट विसरता कामा नये. लोकांचा मुख्य रोख दागिन्यांवर नव्हता, कागदावर होता. सावकाराने रोखे मुकाट्याने दिले तर पुष्कळ ठिकाणी त्याला धक्काही लागला नाही. कागद जाळणे हा काही हिशेब नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. परंतु जो हिशेब वाचायलाच मिळत नाही, त्याचे माणसाने करावे तरी काय? १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्याच्या मागे जाऊन मूळ देण्याघेण्याची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयाला दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालणे बंद केले. म्हणजे वही उघडण्याचा हक्क मिळाला, तो चार वर्षांनी.

याच सुमारास खुद्द रुपयालाच बट्टा लागत होता. जर्मनीने चांदी सोडून सोने धरले, चांदी स्वस्त झाली आणि जवळजवळ दोन शिलिंगांचा रुपया १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगावर आला. दौंडवरून जाणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेच्या भागवाल्यांना पाच टक्के व्याजाची हमी होती. विलायतेत पौंडांत द्यावयाच्या अशा देण्यांसाठी दरवर्षी अधिक रुपये मोजावे लागत. १८९३ साली सरकारने टाकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. पुढे दर १ शिलिंग ४ पेन्सवर बसविला, १९२७ साली १ शिलिंग ६ पेन्स केला. या सगळ्या घोळाचे शवच्छेदन डॉ. आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात केले. ग्रंथ कठीण आहे. आम्हाला तो तीनदा वाचावा लागला. रुपयाचा विलायती दर टिकण्यापेक्षा त्याने देशात किती माल येतो हे टिकणे महत्त्वाचे, एवढे त्यातून आमच्या पदरात पडले, आणि मजुरीच्या वाटाघाटींत ते पुरले.

१ एप्रिल १९५७ चे नये पैसे आमच्या जन्मापूर्वीचे. पण आमचे वडील त्यांची गोष्ट सांगत. एक आणा म्हणजे सहा नये पैसे, दोन आणे म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस आणि चार म्हणजे पंचवीस. सुटे चार आणे एकेक करून मोडणाराला चोवीसच मिळत. एक पैसा गळाला. वडील म्हणत, दुकानदार चार दिवसांत हे शिकला, आम्हाला महिना लागला.

आता आजचे. कुरकुंभच्या वसाहतीतला एक कंत्राटी कामगार दोन-अडीच वर्षांपूर्वी आमच्याकडे फोन घेऊन आला. परकी चलनाच्या खरेदी-विक्रीचे कसलेसे अॅप होते. बायकोची पोत मोडून त्याने पैसे भरले होते. "अण्णा, नफा दिसतोय की," तो म्हणाला. आम्ही म्हटले, काढून दाखव. काढायला गेला तर आधी कर भरा असा निरोप. तो त्याने भरला, पुन्हा दुसरा कर आला. १९३० या क्रमांकावर तक्रार दिली. थोडे पैसे गोठले, बहुतेक गेले.

चलनाच्या व्यापाराला आमचा विरोध नाही. ज्याला तो करायचा आहे त्याने आधी व्यवहार समजून घ्यावा. परकी चलनाचा व्यवहार १९९९ च्या फेमा कायद्याखाली येतो. तो अधिकृत बँकेशी किंवा मान्यताप्राप्त बाजारातच करता येतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये सावध राहावयाच्या ३४ नावांची यादी काढली, ती पुढे वाढत गेली, आणि यादीत नाव नाही म्हणजे माणूस चोख असे ती बँकही म्हणत नाही. आपल्या बाजारात डॉलरचा एक सौदा एक हजार डॉलरांचा. समजा डॉलर ८० रुपये आहे, तर सौदा ८० हजारांचा, पण हातून जाते ती फक्त अनामत, समजा तीन हजार. डॉलर दीड रुपयाने उतरला की दीड हजार गेले, म्हणजे अनामत निम्मी झाली. नवख्याला तीन हजार दिसतात, ऐंशी हजार दिसत नाहीत. शिवाय २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बजावले आहे की रुपयाच्या अशा सौद्यामागे खरे देणे-घेणे असावे. कोणाला माल मागवायचा आहे, कोणाला फी भरायची आहे, त्याच्यासाठी हा बाजार. आणि बट्टा? तो येथेही आहे. घ्यायचा भाव ८० रुपये १० पैसे, विकायचा ७९ रुपये ९० पैसे, तर हजार डॉलरांवर दोनशे रुपये सौदा सुरू होण्यापूर्वीच गेले. आम्ही त्या पोराला विचारले, हे वीस पैसे तुला कुठे दिसले होते? तो म्हणाला, विचारलेच नाही. वही येथेही एकच होती, आणि तीही दुसऱ्याच्या पेढीवर.

त्याच्या घरातली पुढची हकीकत सांगून आम्ही थांबतो. पोत गेल्यावर त्याच्या बायकोने बचत गटातून कर्ज घेऊन एक भट्टी आणली. गहू ज्यांच्या आतड्यांना सोसत नाही अशा गिऱ्हाइकांसाठी ती बाजरी-नाचणीच्या ब्राउनी करते. शिरूर-दौंडच्या कोरड्या पट्ट्यात पिढ्यानुपिढ्या बाजरीच खाल्ली. गहू सणाला. बाजरीत गव्हातले ते चिकट द्रव्य, ग्लुटेन, नसते, म्हणून भाकरी लाटता येत नाही, हातावर थापावी लागते. ब्राउनीतही हीच अडचण. पीठ धरून राहावे म्हणून ती अंडे घालते, मिश्रण अर्धा तास मुरू देते, आणि वरचा कोकोचा थर ब्राउनी पूर्ण निवल्यावरच देते, नाहीतर तो वितळून ओघळतो. बाजरीचे पीठ चार-आठ दिवसांत कडू होते, म्हणून लागेल तेवढेच दळायचे. आणि गिरणीत दळायचे नाही. तेथल्या जात्यात गहू दळलेला असतो, चिमूटभर पीठ मिसळले तरी अशा गिऱ्हाइकाला बाधते. म्हणून तिने घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधी घातला नाही. चोख नाणे आणि हिणकस नाणे यांतला भेद तिला कोणी शिकविला नव्हता.

गेल्या महिन्यात तिने आम्हाला तिची वही दाखविली. शंभर पानी, शाळेची. बाजरी किती, लोणी किती, वीज किती, दुकानदाराने किती टक्के कापले, हे सगळे तिच्या अक्षरात. एका ओळीपुढे तिने गोल केला होता. दुकानदाराने आठ टक्के सांगून दहा कापले होते. नवरा म्हणाला, जाऊ दे, दोन टक्क्यांचे काय. ती वही पिशवीत घालून दुकानाकडे निघाली होती.