नांदेड-लातूर परिसरातील तुरीचा मर रोग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कृषी इतिहासलेखनात दुष्काळ, महसूल व सिंचन यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे पिकांच्या रोगांना मिळाले नाही. कोबीवर्गीय पिकांच्या मुळांना गाठी आणणाऱ्या रोगाचे कारण वोरोनिन या रशियन शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये उजेडात आणले. तो रोग आम्लधर्मी जमिनीत बळावतो. मराठवाड्याची काळी जमीन मात्र विम्लधर्मी आहे. येथे जमिनीतून पसरणारा तसाच चिवट रोग म्हणजे तुरीवरील मर होय. या रोगाचा इतिहास पीकपद्धतीच्या इतिहासापासून वेगळा करता येत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रोगाचे स्वरूप

ई. जे. बटलर यांनी १९०६ मध्ये या रोगाची नोंद केली व १९१० मध्ये त्यास कारणीभूत असलेल्या फ्युजॅरियम उडम या बुरशीचे वर्णन केले. ही बुरशी मुळावाटे शिरून अन्नपाणी वाहणाऱ्या नलिका निकामी करते. झाडे प्रामुख्याने फुलोऱ्यात व शेंगा धरताना वाळतात. म्हणजेच शेतकऱ्याचा खर्च व श्रम संपल्यानंतर. धसकटांच्या आश्रयाने बुरशी जमिनीत सुमारे तीन वर्षे टिकते.

पीकपद्धतीतील बदल

खरीप ज्वारीत तुरीचे तास घेण्याची या भागातील रीत जुनी आहे. पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या प्रयोगांत ज्वारीसोबत घेतलेल्या तुरीत मरीचे प्रमाण सलग तुरीपेक्षा कमी आढळले. १९९० नंतर सोयाबीनचा विस्तार झाला व खरीप ज्वारीचे क्षेत्र घटले. त्याबरोबर एक अबोल संरक्षणही ओसरले असावे, असे अनुमान काढता येते.

प्रतिकारक्षम वाण

बदनापूर (जि. जालना) येथून मिळालेल्या पी-१५-३-३ या वाणातून निवड करून आयसीपी ८८६३ हा मर प्रतिकारक्षम वाण तयार झाला. तो १९८६ मध्ये कर्नाटकात 'मारुती' या नावाने प्रसारित झाला. परंतु वांझ रोगास तो बळी पडला. पुढे बदनापूरच्याच संशोधन केंद्राने दोन्ही रोगांना प्रतिकार करणारा बीएसएमआर ७३६ हा वाण दिला. तथापि बुरशीचे प्रकारही प्रदेशागणिक भिन्न आहेत. कॅनडात मोहरीवर्गीय पिकाचे २००९ पासून आलेले गाठीरोग प्रतिकारक्षम वाण २०१३ मध्येच नव्या रोगप्रकारापुढे हतबल ठरू लागले. लातूरला लागून असलेल्या बीदर व जवळच्या कलबुर्गी जिल्ह्यांत २०२२ च्या हंगामात मरीने तुरीचे मोठे नुकसान केले.

निष्कर्ष

वाण हा उपाय आहे, परंतु तो अखेरचा उपाय नव्हे. फेरपालट, ज्वारीचे आंतरपीक व स्थानिक वाणांचे जतन यांची जोड नसेल, तर प्रत्येक नवा वाण काही काळाची सवलत तेवढी ठरेल. मारुतीचे मूळ याच भूमीतील एका वाणात होते, ही बाब या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते.