टॅरोचे पत्ते : पोथी कीं स्फूर्ति?

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणारांत एक वाद नेहमीं आढळतो : पानाचा अर्थ पोथींत पाहावा, कीं अंतःस्फूर्तीवर सोडावा? आमच्या मतें इतिहासापुढें हा वाद टिकत नाहीं. हे पत्ते पंधराव्या शतकांत उत्तर इटलींत निव्वळ खेळण्यासाठीं निर्माण झाले. 1781 सालीं कूर द जेबलँ या फ्रेंच पंडितानें त्यांत प्राचीन ईजिप्तचें ज्ञान दडलें आहे, असें प्रतिपादन केलें. 1785 सालीं एतेला या टोपणनांवाच्या गृहस्थानें त्याच समजुतीवर फलादेशाची पोथी रचली. ईजिप्तची चित्रलिपि उलगडण्यास मात्र शांपोल्यों यांचें 1822 साल उजाडावें लागलें! म्हणजे पोथीचें मूळच एका तर्कांत आहे.

स्फूर्तीची कथाहि निराळी नाहीं. दुर्रीपासून दश्शीपर्यंतच्या पानांवर पूर्वीं बहुधा नुसतीं चिन्हें असत. 1909 सालीं लंडन येथें वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्त्रीनें त्यांवरहि मानवी प्रसंग रेखाटले. आज जिला स्फूर्ति म्हणतात, ती पुष्कळदां या बाईंच्या चित्रांचेंच वाचन असतें.

पान बोललें असें मानून त्याच्यावर संसारांतील निर्णय सोंपविण्यापूर्वीं, ते शब्द त्याच्या तोंडीं कोणीं घातले, एवढें सुज्ञ वाचकांनीं अवश्य विचारावें.