चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच

मंडळी, यावेळी विषय फुटबॉलचा. दचकू नका. मराठी शिकवणाऱ्या मास्तराला या वयात फुटबॉल कुठून सुचला, असे आमच्या घरातही विचारून झाले आहे.

झाले असे की सुट्टीत नातू आला होता, आणि तो मोबाईलवर एक जुना सामना पाहत बसला होता. त्याने मलाही शेजारी ओढले. २००४ च्या आशिया चषकातला तो सामना. चीनमधले चोंगचिंग शहर, जपान विरुद्ध जॉर्डन. १-१ अशी बरोबरी झाल्यामुळे पेनल्टीवर निकाल लागायचा होता. जपानचे पहिले दोघे चेंडू मारताना चक्क घसरले आणि दोघांचेही चेंडू वाया गेले. तेव्हा मियामोतो नावाचा त्यांचा कप्तान पंचाकडे गेला, या टोकाची जमीन खराब आहे, दुसऱ्या टोकाला चला, असे सांगू लागला, आणि नवल म्हणजे पंचाने ते ऐकले! सगळे लटांबर दुसऱ्या गोलपोस्टकडे निघाले. तिथे जपानचा गोलकीपर योशिकात्सु कावागुची उभा राहिला. त्याचा चेहरा असा, की जणू आता या घरात कोणालाच येऊ द्यायचे नाही. जपान ४-३ ने जिंकले आणि पुढे बीजिंगला चीनला हरवून चषकही घेऊन गेले.

नातू म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असा कोणी होता का हो?"

मी म्हटले, "होता." पण नाव सांगून पुढे बोलायला लागलो तर चार वाक्यांत माझी पुंजी संपली. मास्तरकीच्या सवयीने मग शोधाशोध केली. त्यातले जे पक्के वाटले तेवढेच लिहितो.

नाव ब्रह्मानंद संखवाळकर. जन्म ६ मार्च १९५४ चा, गाव ताळगाव. म्हणजे हा मुलगा जन्मला तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल होता. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा तो जेमतेम पावणेआठ वर्षांचा. गोव्यात फुटबॉल आणला तो मात्र पोर्तुगीजांनी नव्हे, हे मला नव्यानेच कळले. विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचा एक पाद्री प्रकृतीला आराम पडावा म्हणून १८८३ मध्ये शिवोलीला येऊन राहिला, आणि त्याने तिथल्या पोरांना हा खेळ लावला. हवापालटाला आलेल्या माणसाने गावाला आयुष्यभराचे वेड लावून जावे, याला काय म्हणावे! आज गोव्यात एसटीने... म्हणजे तिकडे कदंबने, कुठेही जा, चर्चशेजारी, देवळामागे, भात कापून झालेल्या शेतात पोरे चेंडूमागे धावताना दिसतात. आपल्याकडे जिथे स्टंप असतात तिथे त्यांच्याकडे दोन बांबू असतात.

ब्रह्मानंद यांच्या उमेदीच्या काळात आपल्याकडे राष्ट्रीय लीग नावाची गोष्टच नव्हती. ती सुरू झाली १९९६ मध्ये. जपाननेही आपली व्यावसायिक लीग १९९३ मध्येच सुरू केली, पण त्यांनी ती अशी काही धरून ठेवली की कावागुचीसारखा माणूस इंग्लंडच्या पोर्ट्समथ क्लबपर्यंत जाऊन आला. आपल्याकडे तेव्हा खेळाडूला आधार असायचा तो कंपन्यांच्या संघांचा. गोव्यात खाणमालकांच्या घराण्यांनी क्लब काढले होते, साळगावकर, धेंपो वगैरे. ब्रह्मानंद यांची बहुतेक कारकीर्द साळगावकर क्लबकडून खेळण्यात गेली.

आता गोलकीपर या प्राण्याविषयी थोडे, कारण पुढचे त्याशिवाय कळायचे नाही. गोलपोस्ट चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच. आमच्या शाळेतल्या वर्गाची लांबीकडची भिंत डोळ्यापुढे आणा, साधारण तेवढी. तिच्यापुढे एक माणूस. पेनल्टीचा चेंडू बारा यार्डांवरून, म्हणजे छत्तीस फुटांवरून मारतात. ताशी शंभर किलोमीटर वेगाने तो आला तर गोलपर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. त्यात ब्रह्मानंद यांच्या काळात नियम असा, की चेंडू मारला जाईपर्यंत गोलकीपरने रेषेवरचे पाय हलवायचे नाहीत. रेषेवर आजूबाजूला सरकण्याची मुभा मिळाली ती १९९७ मध्ये. म्हणजे आधी पुतळा व्हायचे आणि मग एकदम वीज!

आणि दुसरे म्हणजे संघात ही जागा एकच. पुढे खेळणारा मागे खेळू शकतो, डावीकडचा उजवीकडे जातो. गोलकीपरला दुसरी जागाच नाही. त्या काळी बंगालमध्ये भास्कर गांगुली होता, १९८२ च्या दिल्ली एशियाडला तोच भारताचा कप्तान होता. त्याच्यामागोमाग अतनु भट्टाचार्य होता. भारतीय फुटबॉलचा सगळा दरबार कलकत्त्यात, आणि हा गडी गोव्याचा. तरीही १९८३ ते १९८६ या काळात भारताचे कप्तानपद संखवाळकरांकडे होते. आपल्याला १९८३ म्हटले की लॉर्ड्स आणि कपिल देव आठवतो. माझ्याही डोळ्यापुढे तेच येते, खोटे कशाला बोलू? त्याच काळात आणखी एका खेळाचा एक कप्तान होता आणि तो आपल्या शेजारचा, आपल्यासारखीच आडनावे असलेल्या मुलखातला होता, हे आमच्या शिक्षकांच्या खोलीत कधी कोणाच्या तोंडून निघाले नाही.

पण माझे मन अडकले ते संतोष करंडकात. ही आंतरराज्य स्पर्धा १९४१ पासून चालू आहे. बंगालने ती किती वेळा जिंकली ते मोजत बसू नये. १९८२-८३ ची अंतिम लढत कलकत्त्यात, बंगाल विरुद्ध गोवा. बंगालच्या घरात, बंगालच्या प्रेक्षकांसमोर. सामना ०-० सुटला. पुन्हा खेळवला. पुन्हा ०-०. शेवटी करंडक दोघांत वाटून दिला. गोव्याच्या नावावर हा करंडक पहिल्यांदा लागला तो असा, अंतिम फेरीत एकही गोल न करता! पुढच्या वर्षी, म्हणजे १९८३-८४ ला, मद्रासला पंजाबला १-० ने हरवून तो त्यांनी एकट्याने घेतला, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत गोव्याने एकही गोल खाल्ला नाही. दोन्ही वेळा गोव्याचा कप्तान हाच गोलकीपर. गोव्याला तेव्हा राज्याचा दर्जासुद्धा नव्हता, तो १९८७ मध्ये मिळाला.

हे वाचले आणि मला प्रश्न पडला, की ०-० चा इतिहास लिहायचा कसा? गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, वर्तमानपत्रात मिनिटासह छापून येते. मद्रासचा तो एक गोलही कोणाच्या तरी नावावर नोंदलेला असेलच. न झालेल्या गोलांची नोंद कुठे ठेवतात? झालेल्या गोलाची मात्र ठेवतात, आणि ती गोलकीपरच्याच खात्यावर.

अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये मिळाला, त्रेचाळिसाव्या वर्षी. निवृत्तीनंतर त्यांनी भारतीय संघाच्या गोलकीपरांना शिकवण्याचेही काम केले. पद्मश्री जाहीर झाली २०२२ च्या प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. उशीर झाला असे मी म्हणणार नाही, कारण पुष्कळांना तेही मिळत नाही. पण कप्तानपद सोडून पस्तीसेक वर्षे झाली होती, एवढे तर मोजावेच लागेल. असो.

आता जे लिहायचे की नाही याचा दोन दिवस विचार केला, ते लिहून टाकतो.

आमच्याकडे दिंडोरीत खरे खेळ कबड्डी आणि खो-खो. फुटबॉलची स्पर्धा म्हणजे संघ पाठवायचा म्हणून पाठवायचा. एका वर्षी खेळाचे शिक्षक रजेवर होते म्हणून संघाबरोबर मी गेलो. नियमही मला धड ठाऊक नव्हते. अकरा मुलांत जो धावायला हळू, त्याला मी गोलमध्ये उभा केला. आपण तीन गोलांनी हरलो. परत येताना एसटीत पोरे गप्प बसली होती, त्यांना हसवावे म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, "अरे, तुझ्याऐवजी दप्तर ठेवले असते तर एखादा तरी अडला असता!" सगळे हसले. तोही हसला. पुढच्या वर्षी त्याने कुठल्याच खेळात नाव दिले नाही. मी त्याचे कारण तेव्हा अभ्यास असे धरून चाललो.

आज तो पन्नाशीच्या पुढचा आहे. द्राक्षबाग आहे, यंदाची छाटणी उरकली आहे. परवा संध्याकाळी पत्रिका द्यायला आला, मुलीचे लग्न आहे. नातवाने तोच जपानी गोलकीपर पुन्हा लावला होता. तोही ओट्यावर टेकून पाहू लागला. मी मनाचा हिय्या करून एसटीतल्या त्या वाक्याचा विषय काढला, चुकले माझे म्हणालो. तो म्हणाला, "सर, दप्तराचं लक्षात आहे मला." मग थोडे थांबून म्हणाला, "पण दोन अडवले होते मी. एक तर छातीवर घेतला होता. तुम्ही तेव्हा पंचांशी बोलत होता."

मला ते दोन खरोखरच आठवत नाहीत. आठवून पाहिले, तीनच आठवतात.

चहा झाल्यावर मी त्याला संखवाळकरांची सगळी हकीकत सांगितली, वर लिहिली तशीच. त्याने कलकत्त्याचे दोन्ही सामने नीट ऐकून घेतले, दुसऱ्याही वेळी शून्यच का, असे पुन्हा विचारून खात्री करून घेतली. निघताना चप्पल घालता घालता म्हणाला, "लग्न झालं की गोव्याला जायचं चाललंय घरच्यांचं. हे ताळगाव कुठं येतं, सर?"

पणजीला लागूनच, मी सांगितले.