गाता येत नव्हतं, तरी पोरींनी डोक्यावर घेतलं. अमेरिकेच्या फॅबियनची गोष्ट

रील्सच्या जमान्यात कुणी नुसते ओठ हलवून फेमस झालं तर आपल्याला काही वाटत नाही. चेहरा छान असला, केस नीट सेट असले की आवाज कुणाचाही चालतो. पण हा फंडा इन्स्टाग्रामने आणलेला नाही. १९५९ साली अमेरिकेत एका सोळा वर्षांच्या पोराच्या मागे मुली वेड्या झाल्या होत्या. तो गायक होता, त्याच्या रेकॉर्ड्स धडाधड विकल्या जात होत्या. अडचण एकच होती. त्याला गाता येत नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाही माहीत होतं.

त्याचं नाव फॅबियन.

घराच्या पायरीवर सापडलेला स्टार

फॅबियन अँथनी फोर्टे याचा जन्म ६ फेब्रुवारी १९४३ चा, फिलाडेल्फिया शहरातला. शहराच्या दक्षिण भागात इटालियन वंशाच्या कामगार कुटुंबांची मोठी वस्ती होती, तिथेच हे घर. वडील पोलिसात. तीन भावांमध्ये फॅबियन थोरला.

१९५७ मध्ये वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. दारात अँब्युलन्स उभी होती आणि चौदा वर्षांचा फॅबियन पायरीवर बसून रडत होता. नेमका त्याच वेळी बॉब मार्कुची नावाचा माणूस तिथे आला. मार्कुची हा चान्सलर रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीचा एक मालक. त्याने पोराचा चेहरा पाहिला आणि थेट विचारलं, गायक व्हायचंय का?

घरची परिस्थिती बिकट असताना असं विचारणं आज वाचायलाही बरं वाटत नाही. फॅबियनने तेव्हा त्याला उडवून लावलं. पण वडिलांचं काम सुटलं, घरात पैशांची ओढाताण सुरू झाली आणि शेवटी त्याने होकार दिला. गाण्याची आवड म्हणून नाही, तर घर चालावं म्हणून.

चेहरा आधी, आवाज नंतर

नवीन चेहऱ्यांना वाव मिळेल अशी परिस्थितीही पुढे तयार झाली. मार्च १९५८ मध्ये एल्विस प्रेस्ली सैन्यात भरती झाला. जेरी ली लुईस आपल्या लग्नाच्या वादात अडकला. ३ फेब्रुवारी १९५९ ला बडी हॉली विमान अपघातात गेला. रॉक अँड रोलचं मैदान मोकळं झालं होतं आणि आईवडिलांनाही चालतील अशी देखणी, सोज्वळ मुलं कंपन्यांना हवी होती. मार्कुचीकडे फ्रँकी अ‍ॅव्हलॉन नावाचा असा एक मुलगा होताच. आता दुसरा मिळाला.

मग फॅबियनला घडवणं सुरू झालं. केस कसे ठेवायचे, कपडे काय घालायचे, चारचौघांत कसं बोलायचं, सगळं शिकवण्यात आलं. गाण्याचे मास्तरही लावले. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स पडल्या. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती, ती म्हणजे टीव्ही. डिक क्लार्कचा 'अमेरिकन बँडस्टँड' हा देशभर बघितला जाणारा कार्यक्रम फिलाडेल्फियातूनच प्रसारित व्हायचा. तिथे गायक प्रत्यक्ष गात नसत, रेकॉर्ड लावून त्यावर ओठ हलवत. फॅबियनसाठी हे सोयीचंच होतं.

१९५९ मध्ये 'टर्न मी लूज' अमेरिकेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेलं, 'टायगर' तिसऱ्या क्रमांकावर. पोरगं रातोरात स्टार झालं. समीक्षकांनी मात्र त्याच्या आवाजाची पार पिसं काढली. पैसे देऊन रेडिओवर गाणी वाजवून घेण्याच्या 'पेयोला' प्रकरणाची १९६० मध्ये संसदेत चौकशी झाली. त्यात डिक क्लार्कलाही साक्ष द्यावी लागली. रेकॉर्ड कंपन्या लोकांना काहीही विकतात, ही चर्चा रंगली की उदाहरण म्हणून फॅबियनचं नाव हमखास यायचं.

टीका त्याच्यावर होत होती. पण हा सगळा खेळ मांडणारा तो नव्हता. गाणी निवडणारे, करार करणारे, पैसा हाताळणारे दुसरेच होते.

स्वतःलाच विकत घेतलं

अठराव्या वर्षी फॅबियनने निर्णय घेतला. सुमारे ६५ हजार डॉलर मोजून तो मार्कुचीच्या करारातून मोकळा झाला. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. एका अर्थाने त्याने स्वतःलाच विकत घेतलं. गायक म्हणून कारकीर्द तिथेच जवळपास संपली.

सिनेमाचं दार आधीच उघडलं होतं. १९५९ मध्ये डॉन सीगल यांच्या 'हाउंड-डॉग मॅन'मधून त्याने पदार्पण केलं. १९६० मध्ये 'नॉर्थ टू अलास्का'त जॉन वेन, १९६२ मध्ये 'मिस्टर हॉब्स टेक्स अ व्हेकेशन'मध्ये जेम्स स्टुअर्ट, अशा दिग्गजांसोबत तो झळकला. दुसऱ्या महायुद्धावरच्या 'द लाँगेस्ट डे'मध्येही त्याची छोटी भूमिका आहे.

पण त्याने खरा धक्का दिला तो टीव्हीवर. डिसेंबर १९६१ मध्ये 'बस स्टॉप' मालिकेच्या एका भागात त्याने थंड डोक्याने खून करणारा तरुण रंगवला. दिग्दर्शक होते रॉबर्ट ऑल्टमन. तो भाग इतका भडक ठरला की अनेक स्थानिक केंद्रांनी तो दाखवलाच नाही आणि प्रकरण थेट सिनेटच्या सुनावणीत गेलं. मुलींच्या खोलीतल्या पोस्टरवरचा गोड पोरगा अभिनय करू शकतो, हे मात्र दिसलं.

१९६५ मध्ये तो अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवरच्या 'टेन लिटल इंडियन्स'मध्ये दिसला. याच कादंबरीचा आधार घेऊन राजा नवाथे यांनी त्याच वर्षी हिंदीत 'गुमनाम' केला होता. गंमत म्हणजे इंग्रजी सिनेमात फॅबियनच्या वाट्याला आलेलं पात्र पॉप गायकाचं आहे आणि सगळ्यात आधी मरतं तेच.

पुढे मोठे सिनेमे कमी झाले. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आल्यावर जुने टीन आयडॉल तसेही मागे पडले होते. फॅबियन कार रेसिंगचे, गुन्हेगारीवरचे कमी बजेटचे सिनेमे करत राहिला. सुपरस्टार झाला नाही, पण काम थांबलं नाही.

जुनी जखम पुन्हा उघडली

१९८० मध्ये 'द आयडॉलमेकर' नावाचा सिनेमा आला. हा टेलर हॅकफर्ड यांचा पहिला चित्रपट. पोरांना घडवून स्टार करणाऱ्या एका मॅनेजरची ती कथा. त्यामागची प्रेरणा होती बॉब मार्कुची, आणि सल्लागारही तोच. त्यातलं गाता न येणाऱ्या देखण्या पोराचं पात्र कुणावर बेतलंय, हे सांगायची गरज नव्हती.

फॅबियन कोर्टात गेला. आपली आणि कुटुंबाची बदनामी झाली, असं त्याचं म्हणणं होतं. शेवटी प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. मार्कुचीने तेवीस वर्षांपूर्वी त्याची एक प्रतिमा बनवून विकली होती. आता तीच प्रतिमा पुन्हा विकली जाताना तो गप्प बसला नाही.

पुन्हा स्टेजवर

१९८५ मध्ये फ्रँकी अ‍ॅव्हलॉन, बॉबी रायडेल आणि फॅबियन एकत्र आले. तिघेही दक्षिण फिलाडेल्फियाचे, तिघेही एकेकाळचे टीन आयडॉल. 'गोल्डन बॉईज' नावाने त्यांचे कार्यक्रम सुरू झाले आणि दशकानुदशकं चालले. समोर बसायच्या त्याच मुली, आता आजी झालेल्या. बॉबी रायडेल यांचं २०२२ मध्ये निधन झालं.

कोवळ्या वयात स्टार झालेल्या पोरांच्या गोष्टी बऱ्याचदा व्यसनात नाहीतर विस्मरणात संपतात. फॅबियनची तशी संपली नाही. आपल्याला काय येत नाही हे त्याला सुरुवातीपासून ठाऊक होतं, आणि जे दुसऱ्यांनी ठरवलं होतं त्यातून बाहेर पडायची किंमत त्याने स्वतः मोजली. आज चौदा-पंधरा वर्षांची मुलं एका व्हिडिओने व्हायरल होतात आणि लगेच मॅनेजर, ब्रँड, करार दारात उभे राहतात. अशा वेळी सही करण्याआधी त्यांच्या घरच्यांनी फॅबियनची गोष्ट एकदा तरी वाचायला हवी.